जपानी भाषिक खेळाडूंची मनःप्रतिमा-क्षमता कशी मोजतात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मनःप्रतिमा-क्षमता म्हणजे नेमके काय, आणि ती मोजायची कशासाठी?

प्रत्यक्षात न केलेली हालचाल किंवा समोर नसलेला प्रसंग मनात उभा करता येणे, तो हवा तितका वेळ टिकवता येणे आणि गरजेप्रमाणे बदलता येणे, या सगळ्याला मिळून मनःप्रतिमा-क्षमता म्हणतात. डोळ्यांपुढे येणारे चित्र हा तिचा केवळ एक भाग आहे. बॅडमिंटनपटू मनातल्या मनात स्मॅश मारतो तेव्हा खांद्याला जाणवणारा ताण, मनगटाचा झटका, शटल रॅकेटवर आदळल्याचा आवाज आणि निर्णायक गुणाच्या वेळची धडधड हे सगळे त्यात येते. एखाद्या जिम्नॅस्टला स्वतःची उडी बाहेरून स्वच्छ दिसते, पण हवेत आपले शरीर कसे वळते आहे याची जाणीव मनात उमटत नाही. दुसऱ्याचे बरोबर उलटे असते. या दोघांना एकाच पद्धतीचा मानसिक सराव देणे म्हणजे एकाचा तरी वेळ वाया घालवणे होय. ज्यांची ही क्षमता चांगली असते त्यांना मानसिक सरावाचा लाभ अधिक होतो, असे १९८० च्या दशकापासूनच्या प्रयोगांत दिसत आले आहे. म्हणून सराव आखण्यापूर्वी मोजणी करावी लागते.

यासाठी कोणत्या प्रश्नावल्या वापरल्या जातात?

या मोजणीची सुरुवात फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८० मध्ये केली असे मानले जाते. त्यांनी लोकांना त्या सकाळचे न्याहारीचे टेबल आठवून त्याचे चित्र मनात किती स्पष्ट दिसते ते लिहायला सांगितले होते. डेव्हिड मार्क्स यांची १९७३ ची १६ प्रश्नांची प्रश्नावलीही दृश्य प्रतिमेच्या स्पष्टतेपुरतीच होती. खेळाडूंसाठी तेवढे पुरेसे नव्हते, कारण खेळात शरीर हलते.

हालचालींसाठीची एमआयक्यू ही प्रश्नावली क्रेग हॉल आणि जॉन पाँग्रॅक यांनी १९८३ मध्ये तयार केली. तिची सुटसुटीत, आठ प्रश्नांची सुधारित आवृत्ती १९९७ मध्ये आली. तिला एमआयक्यू-आर म्हणतात आणि तिचे जपानी रूपही वापरात आहे. २०१२ मध्ये आलेल्या एमआयक्यू-३ मध्ये गुडघा उचलणे, उडी मारणे, हात फिरवणे आणि कमरेतून वाकणे अशा चार साध्या हालचाली आहेत. खेळाडू आधी ती हालचाल खरोखर करतो, मग मूळ स्थितीत येऊन ती मनात करतो, आणि ते किती सोपे किंवा अवघड गेले याला १ ते ७ पैकी गुण देतो. प्रत्येक हालचाल तीन प्रकारे मनात करायची असते : स्वतःच्या डोळ्यांतून पाहत, बाहेरून स्वतःकडे पाहत, आणि काहीही न पाहता केवळ शरीराला जाणवून घेत. असे एकूण १२ प्रश्न होतात.

व्हीएमआयक्यू-२ या २००८ च्या प्रश्नावलीत याच तीन बाजूंनी १२ कृती तपासल्या जातात, मात्र तिथे विचारणा सोपेपणाची नसून स्पष्टतेची असते आणि गुणांची दिशा उलटी असते : १ म्हणजे अगदी खऱ्यासारखे, ५ म्हणजे काहीच नाही. दोन प्रश्नावल्यांचे गुण एकाच तक्त्यात भरणाऱ्याने ही उलटी दिशा विसरली, तर सर्वांत चांगला खेळाडू सर्वांत वाईट दिसू लागतो. केव्हीआयक्यू ही प्रश्नावली मुळात पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनासाठी बनली होती. तिच्या जपानी आवृत्तीची विश्वसनीयता (गुण स्थिर व सुसंगत असणे) आणि सप्रमाणता (जे मोजायचे तेच मोजले जाणे) २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली असून दुखापतीतून सावरणाऱ्या खेळाडूसाठी ती विशेष सोयीची ठरू शकते, कारण तिच्यातल्या हालचाली बसून करता येतात.

एमआयक्यूपासून केव्हीआयक्यूपर्यंतच्या सगळ्या प्रश्नावल्या हालचालीपुरत्या आहेत. सामना मनात उभा करणे ही वेगळी गोष्ट आहे. तिच्यासाठी सारा विल्यम्स आणि जेनिफर कमिंग यांनी २०११ मध्ये एसआयएक्यू ही १५ प्रश्नांची प्रश्नावली मांडली. तिच्यात कौशल्य, डावपेच, ध्येय, भावना आणि कठीण प्रसंगावरची पकड असे पाच विभाग आहेत. तिचे गुण एमआयक्यू-३ च्या गुणांशी जुळतात, पण पूर्ण जुळत नाहीत, आणि वरच्या पातळीवरच्या खेळाडूंना अशा प्रतिमा तुलनेने सोप्या जातात असे तिच्या कर्त्यांना आढळले. गुडघा उचलण्याची प्रतिमा सहज येणाऱ्याला पिछाडीवर असताना स्वतःला खंबीर राहिलेले पाहता येईलच असे नाही, हे त्यातून कळते. माझ्या मते खेळाडूसाठी एकच प्रश्नावली निवडायची वेळ आली, तर एसआयएक्यूचा विचार आधी करावा.

जपानमध्ये हा विषय कसा रुजला?

१९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकच्या तयारीत जपानी मानसशास्त्रज्ञांनी ‘आगारी’चा, म्हणजे ऐन स्पर्धेच्या वेळी होणाऱ्या घाबरगुंडीचा, पद्धतशीर अभ्यास केला. जपानी क्रीडा मानसशास्त्र परिषद १९७३ मध्ये स्थापन झाली. लॉस एंजेलिस ऑलिम्पिकनंतर, १९८५ पासून, खेळाडूंच्या मानसिक तयारीवरचे संघटित संशोधन सुरू झाले. मानसिक प्रशिक्षकांना अधिकृत प्रमाणपत्र देण्याची व्यवस्था २००० मध्ये आली आणि टोकियोतील राष्ट्रीय क्रीडा विज्ञान संस्था २००१ मध्ये उघडली. आज शाळेच्या ‘बुकात्सु’ म्हणजे क्रीडा-मंडळातल्या मुलांनाही ‘इमेतोरे’ हा प्रतिमा-सरावासाठीचा आटोपशीर शब्द ठाऊक असतो.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. जपानी खेळाडूंसाठी फार मोठ्या प्रमाणावर वापरली जाणारी मानसिक चाचणी म्हणजे क्यूशू येथील मिकिओ तोकुनागा आणि सहकाऱ्यांची डीआयपीसीए. तिच्यात ५२ प्रश्न आणि १२ विभाग आहेत : सहनशक्ती, झुंजारपणा, आत्मनियंत्रण, एकाग्रता, आत्मविश्वास, अंदाज बांधण्याची शक्ती, सहकार्य आणि इतर. या बारांत मनःप्रतिमा नाही. त्यामुळे ‘आमच्या संघाची मानसिक चाचणी झाली आहे’ असे कुणी म्हटले, तरी या क्षमतेविषयी त्यातून काहीच समजत नाही. ती वेगळी मोजावी लागते.

‘जपानी खेळाडू’ न म्हणता ‘जपानी भाषिक खेळाडू’ का म्हणतात?

प्रश्नावलीचा संबंध पारपत्राशी नसतो, ती ज्या भाषेत वाचली जाते त्या भाषेशी असतो. जपानच्या रग्बी संघात परदेशात जन्मलेले खेळाडू असतात. त्यांच्यातला एखादा बोलण्यापुरती जपानी जाणत असला, तरी मनातल्या अनुभवाच्या बारीक छटा वाचून त्यांना गुण देणे त्याला अवघड जाऊ शकते. उलट परदेशात वाढलेल्या, पण घरी जपानी बोलणाऱ्या खेळाडूला जपानी आवृत्ती लागू पडू शकते. संशोधनाच्या अहवालात भाषेचा उल्लेख नेमका असणे म्हणूनच आवश्यक असते.

चांगले भाषांतर झाले की प्रश्नावली तयार झाली, असे का म्हणता येत नाही?

कारण इथे प्रश्नाचे वाक्य हीच खेळाडूला दिलेली कृती असते. वजनकाट्यावरची सूचना थोडी चुकली तरी वजन बदलत नाही. इथे सूचना बदलली की खेळाडू मनात वेगळेच काहीतरी करतो, आणि गुण त्या वेगळ्याच गोष्टीला मिळतात.

जपानीत या संदर्भात ‘इमेजी’ हा शब्द रूढ आहे, पण रोजच्या बोलण्यात त्याचा अर्थ ‘सर्वसाधारण समज’ किंवा ‘मनावरची छाप’ असाही होतो. एखाद्या शहराविषयी आपली काय समजूत आहे, हेसुद्धा त्याच शब्दाने विचारतात. त्यामुळे ‘विजयाची प्रतिमा मनात आणणे किती सोपे आहे’ या प्रश्नाला एखादा खेळाडू ‘आपण जिंकू असे वाटते का’ या अर्थाने उत्तर देऊ शकतो. मग मोजला जातो आत्मविश्वास, आणि अहवालात त्याला प्रतिमा-क्षमता म्हटले जाते. प्रश्नांच्या आधी ‘येथे प्रतिमा म्हणजे काय’ याचा सविस्तर खुलासा आणि एखादे सरावाचे उदाहरण देणे हाच त्यावर उपाय आहे.

दुसरी अडचण दृष्टिकोनाची आहे. जपानी वाक्यात कर्ता बहुतेक वेळा गाळला जातो आणि क्रियापदावरून पुरुष किंवा लिंग कळत नाही. ‘धावणे पाहा’ एवढेच म्हटले, तर कुणी कुठून पाहायचे ते वाचणाऱ्यावर सोडले जाते. त्यात ‘सुगाता’ म्हणजे रूप किंवा आकृती हा शब्द आला, की वाचणारा आपोआप बाहेर जाऊन स्वतःकडे पाहू लागतो. आतून पाहणे आणि बाहेरून पाहणे या दोन गोष्टी वेगळ्या मोजायच्या असतील, तर ‘स्वतःच्या डोळ्यांतून पाहत असल्याप्रमाणे’ अशी वाक्यरचना थोडी अवजड वाटली तरी ती ठेवावीच लागते.

शरीराच्या जाणिवेच्या बाबतीत मात्र जपानी भाषा फार संपन्न आहे. जपानी प्रशिक्षक हालचाल शिकवताना ‘गुत्तो’ म्हणजे जोर लावून, ‘पात्तो’ म्हणजे चटकन, ‘फुवात्तो’ म्हणजे अलगद तरंगत, अशा अनुकरणवाचक शब्दांचा सर्रास उपयोग करतात. मराठी प्रशिक्षकही ‘झपकन वळ’, ‘सर्रकन आत घूस’ असे म्हणतो तेव्हा तेच करत असतो. स्नायूंची जाणीव पुस्तकी संज्ञेत विचारली, तर शाळकरी खेळाडू अडखळतो. त्याच्या कानावर रोज पडणाऱ्या शब्दांत विचारली, तर उत्तर खरे मिळण्याची शक्यता वाढते, असे मला ठामपणे वाटते. मात्र असे शब्द निवडताना प्रदेशानुसार आणि खेळानुसार त्यांचा अर्थ सारखाच आहे ना, ते आधी पाहिले पाहिजे.

शेवटी आशयाचा प्रश्न उरतो. एसआयएक्यूच्या ध्येय विभागात विजेता म्हणून मुलाखत देण्याचा प्रसंग येतो. जपानी व्यावसायिक बेसबॉलमध्ये सामन्यानंतर ‘हीरो इंटरव्ह्यू’ घेण्याची प्रथा आहे, त्यामुळे हे चित्र बेसबॉलपटूला ओळखीचे असते. क्यूदो या धनुर्विद्येचा अभ्यास करणाऱ्याला ते परके वाटू शकते. त्याला मिळालेले कमी गुण प्रतिमेच्या दुबळेपणामुळे आहेत की प्रसंगाच्या अनोळखीपणामुळे, हे केवळ आकड्यावरून सांगता येत नाही.

भाषांतरानंतर काय काय तपासले जाते?

आधी दोन स्वतंत्र भाषांतरकार जपानी मसुदा करतात, मूळ प्रश्नावली न पाहिलेली व्यक्ती तो पुन्हा इंग्रजीत आणते आणि तज्ज्ञांचा गट फरक मिटवतो. नंतर थोड्या खेळाडूंना प्रत्येक प्रश्न वाचून तो काय समजला ते मोठ्याने सांगायला लावतात. ही पायरी घाईत गाळली जाते, आणि ‘इमेजी’सारख्या शब्दांचे घोटाळे मात्र हिच्यातच सापडतात.

मग मोठा नमुना घेऊन घटक विश्लेषण केले जाते : उदाहरणार्थ, मूळ एसआयएक्यूत जे पाच विभाग होते, तेच जपानी उत्तरांतही वेगळे दिसतात का? एका विभागातले प्रश्न एकमेकांशी जुळतात का, हे क्रॉनबाख आल्फा या गुणांकाने पाहतात आणि साधारणपणे ०.७० किंवा अधिक मूल्य स्वीकारार्ह धरतात. काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा देऊन गुण स्थिर राहतात का, ते तपासतात. पुरुष आणि महिला, नवोदित आणि अनुभवी यांच्यात प्रश्नांचा अर्थ समानच राहतो, हे सिद्ध झाल्याशिवाय त्यांच्या सरासरींची तुलना करू नये. तीन-तीन प्रश्नांच्या विभागांत एक प्रश्न जरी बिघडला, तरी तो विभाग डळमळतो, म्हणून एसआयएक्यूच्या बाबतीत ही तपासणी अधिक काटेकोर हवी.

जपानी खेळाडू स्वतःला कमी गुण देतात, असे म्हणतात. ते खरे आहे का?

१९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जपान, तैवान, कॅनडा आणि अमेरिकेतील शालेय विद्यार्थ्यांची तुलना झाली होती. त्यात जपानी आणि तैवानी विद्यार्थी मोजपट्टीच्या मधल्या पर्यायाकडे अधिक झुकले, तर अमेरिकी विद्यार्थी टोकाच्या पर्यायांकडे. फरक होता, पण सरासरींची तुलना उलटवून टाकण्याइतका मोठा नव्हता. म्हणून याचे अवडंबर माजवू नये आणि याकडे दुर्लक्षही करू नये. शिवाय ‘सोपे’ हे कुणाच्या तुलनेत, हा प्रश्न राहतोच. बलाढ्य विद्यापीठ संघातला खेळाडू स्वतःची तुलना शेजारच्या राष्ट्रीय विजेत्याशी करतो आणि ४ गुण देतो. लहान गावातला खेळाडू आपल्या मित्रांशी तुलना करून ६ देतो. जपानी आणि ब्रिटिश खेळाडूंच्या सरासरी शेजारी ठेवून कोणाची कल्पनाशक्ती वरचढ, असे निष्कर्ष काढणारे लेख म्हणूनच फार सावधपणे वाचावेत.

खेळाडूच्या सांगण्यावर विसंबून न राहता ही क्षमता मोजता येते का?

काही प्रमाणात येते, आणि या बाबतीत जपानी संशोधकांचे स्वतःचे योगदान मोलाचे आहे. १९८६ मध्ये तामोत्सु निशिदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हालचालींच्या प्रतिमेवरील नियंत्रणाची चाचणी मांडली. तिच्यात खेळाडूला एकामागून एक तोंडी सूचना दिल्या जातात : सरळ उभे आहात, उजवा हात बाजूला न्या, डावा पाय पुढे टाका, अशा पद्धतीच्या. खेळाडूने प्रत्यक्ष हलायचे नसते. प्रत्येक सूचनेनुसार मनातले शरीर बदलत न्यायचे असते. अखेरीस तयार झालेली स्थिती त्याने दिलेल्या आकृत्यांतून ओळखायची असते. १९९४ मध्ये एइइची नाइतो यांनी या चाचणीचा अभ्यास पुढे नेला, तेव्हा ओळखण्यासोबत ती स्थिती स्वतःच्या शरीराने करून दाखवण्याचा प्रकारही वापरला गेला. या चाचणीला बरोबर आणि चूक उत्तर असते. विनयशील खेळाडूला इथे कमी गुण मिळत नाहीत आणि बढाईखोराला जास्त मिळत नाहीत. सूचनाही मुळात जपानीतच घडलेल्या असल्याने भाषांतराचा प्रश्न उद्भवत नाही.

तरीही ती प्रश्नावलीची जागा घेऊ शकत नाही. सूचना लक्षात ठेवण्याची शक्ती तिच्यात मिसळलेली असते, आणि आकृत्या ओळखताना बाहेरून पाहण्याची सवय असलेल्याला फायदा होऊ शकतो. प्रतिमा किती जिवंत होती, हे तर ती विचारतच नाही.

आणखी एक मार्ग वेळेचा आहे. एखादी कृती मनात करायला लागलेला वेळ आणि ती प्रत्यक्ष करायला लागलेला वेळ जवळपास सारखे असावेत. १९८९ मध्ये चालण्याच्या प्रयोगांतून ही समानता फ्रेंच संशोधकांनी दाखवली. जलतरणपटू किंवा धावपटूसाठी ही चाचणी एका स्टॉपवॉचवर करता येते. वेगवेगळ्या कोनांत फिरवलेल्या हाताचे चित्र पाहून तो डावा की उजवा हे ओळखण्याची चाचणीही वापरतात. स्नायूंचे विद्युत-संकेत आणि मेंदूची प्रतिमा घेणारी यंत्रे प्रयोगशाळेत उपयोगी आहेत, संघाच्या दैनंदिन कामात नाहीत.

काता, म्हणजे कराटेतील ठरावीक हालचालींची मालिका, करणाऱ्या खेळाडूंना हीच मापे लागू पडतात का?

अर्धवट लागू पडतात. टोकियोच्या ऑलिम्पिकमध्ये २०२१ मध्ये ओकिनावाच्या र्यो कियुना यांनी पुरुषांच्या काता प्रकारात सुवर्णपदक मिळवले. काता सादर करणारा खेळाडू समोर नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी लढतो, म्हणजे त्याची प्रतिमा प्रत्यक्ष हालचालीच्या सोबतीने चालते. शांत बसून किंवा उभे राहून मनात हालचाल करायला सांगणाऱ्या प्रश्नावल्यांत याला जागाच नाही. जपानी युद्धकलांतला ‘मितोरी-गेइको’, म्हणजे इतरांचा सराव बारकाईने पाहून शिकण्याचा प्रकार, हाही पाहणे आणि मनात करणे यांच्या सीमेवर आहे. या खेळाडूंसाठी प्रश्नावलीला मुलाखतीची जोड द्यावी.

क्षमता आणि वापर यांत काय फरक आहे?

क्षमता म्हणजे किती सहज करता येते, आणि वापर म्हणजे किती वेळा केले जाते. वापर मोजण्यासाठी १९९८ ची ३० प्रश्नांची एसआयक्यू ही वेगळी प्रश्नावली आहे. तिचे नाव एसआयएक्यूशी मिळतेजुळते असल्याने अहवालांत गफलत होते.

मनात काहीच दिसत नाही, असे खेळाडूने सांगितले तर?

त्याच्यावर विश्वास ठेवावा. काही माणसांना दृश्य प्रतिमा मुळीच येत नाहीत. या स्थितीला २०१५ मध्ये ‘अफँटेझिया’ हे नाव मिळाले. अशा खेळाडूला शरीराच्या जाणिवेच्या प्रश्नांत चांगले गुण मिळू शकतात, म्हणून सर्व विभागांची बेरीज करून एकच आकडा देणे टाळावे.

संघात ही चाचणी घेताना कोणती काळजी घ्यावी?

जपानी विद्यापीठ-मंडळांत ‘सेम्पाई’ म्हणजे ज्येष्ठ आणि ‘कोहाई’ म्हणजे कनिष्ठ यांचे नाते घट्ट असते. प्रशिक्षकाच्या देखत, ज्येष्ठांच्या शेजारी बसून भरलेला कागद मोकळ्या मनाचा नसतो. चाचणी प्रशिक्षकाच्या अनुपस्थितीत घ्यावी, कागद थेट मानसिक प्रशिक्षकाकडे जावा आणि गुण निवडीसाठी वापरले जाणार नाहीत हे आधीच लेखी सांगावे. निवडीसाठी या गुणांचा वापर करणे मला सर्वथा अयोग्य वाटते, कारण ही क्षमता सरावाने वाढते आणि उत्तरे सहज फुगवता येतात.

मराठी खेळाडूंसाठी अशी प्रश्नावली करायची झाल्यास यातून काय घेता येईल?

कार्यपद्धती तीच राहील, अडचणी मात्र बदलतील. मराठी क्रियापदावरून लिंग कळते. ‘मी उडी मारतो’ असे छापले, की ते वाक्य मुलीचे राहत नाही, आणि ‘मारतो/मारते’ असे दुहेरी लिहिले, की ज्या क्षणी डोळे मिटून हालचाल जगायची त्याच क्षणी वाचणारी अडखळते. जपानीत ही अडचण येतच नाही. त्यामुळे मुलींसाठी आणि मुलांसाठी वेगळे छापील नमुने करावेत, आणि दोन्हींत प्रश्नांचा अर्थ समान राहतो हे घटक विश्लेषणाने तपासावे. कबड्डी आणि खो-खो यांत डाव क्षणाक्षणाला बदलतो, म्हणून डावपेचांच्या विभागातील प्रश्न खेळाडूंशी बोलून नव्याने लिहावे लागतील. कोल्हापूरच्या तालमीतल्या मल्लाला आणि मुंबईच्या नेमबाजाला वाक्ये सारखीच समजतात का, ते पहिल्या मसुद्यापासून दोघांना मोठ्याने वाचायला लावून पाहावे लागेल.